वर्तुळाकार गती : नळी-दोऱ्याच्या प्रयोगात आकडे का चुकतात, आणि आत नेमकं कोण ओढतं?

लंबक (धागाकर्ता)

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत वर्तुळाकार गतीवर एक स्वस्त आणि फार चांगला प्रयोग होतो. काचेच्या नळीतून नायलॉनचा दोरा ओवायचा, वरच्या टोकाला रबरी बूच, खालच्या टोकाला लोखंडी वॉशर. नळी मुठीत उभी धरून बूच डोक्यावर आडवं फिरवायचं. वॉशरच्या वजनाने दोऱ्यात ताण येतो आणि तो ताण बुचाला वर्तुळात ठेवतो.

साहित्य असं :
नळी १५ सेंमी, आतला व्यास ४-५ मिमी. वरची कड बर्नरवर तापवून गोल केलेली, बाहेरून चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे. बूच २० ग्रॅम. विणलेला नायलॉन दोरा दीड मीटर. वॉशर असे की ५०, १००, १५०, २०० ग्रॅम टप्पे जमतील. नळीच्या खालच्या तोंडापासून साधारण १ सेंमी खाली दोऱ्यावर एक मगरचिमटा, म्हणजे लांबी बदलली की लगेच कळतं. वरच्या कडेपासून बुचाच्या मध्यापर्यंतची लांबी ८० सेंमी.

सूत्र शब्दांत लिहितो (ग म्हणजे गुरुत्वत्वरण = ९.८ मी/से²) :
आवर्तकाल = २π × √( बुचाचं वस्तुमान × लांबी ÷ (लटकतं वस्तुमान × ग) )

१०० ग्रॅम लटकवले की आवर्तकाल ०.८० सेकंद, म्हणजे २० फेऱ्यांना १६.१ सेकंद. ५० ग्रॅमला २२.७, १५० ला १३.१, २०० ला ११.४. प्रत्यक्षात १०० ग्रॅमला बहुतेक गटांचं वाचन १४ ते १५.५ मध्ये येतं, एखाद्याचं १७ च्या वर. चूक दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली नाही, कमीकडेच झुकते. म्हणजे यामागे काहीतरी ठरावीक कारण आहे.

दुसरा प्रश्न आकृतीचा. बुचावरची बलं दाखवा म्हटलं की मुलं तीन बाण काढतात : वजन, ताण आणि 'अभिकेंद्री बल' (केंद्राकडे ओढणारं). काही जण चौथा, बाहेरच्या दिशेचा बाणही काढतात. हे मुळातून कसं दुरुस्त करायचं? दोन्हींवर तपशिलात लिहावं ही विनंती.

---

घर्षणगुणांक

आधी आकडे. कमीकडे झुकण्याची तीन कारणं आहेत आणि ती बऱ्याचदा एकत्र येतात.

पहिलं, मोजणी. घड्याळ सुरू करताना तोंडून 'एक' निघतं. मग 'वीस' म्हणेपर्यंत फेऱ्या १९ च होतात आणि वाचन १५.३ येतं. सुरुवात 'शून्य'ने करायची. मोजणारा आणि फिरवणारा वेगळा असावा.

दुसरं, चिमटा नळीला टेकतो. टेकला की नळी चिमट्याला खाली दाबते आणि दोऱ्यातला ताण वॉशरच्या वजनाएवढा न राहता त्याहून वाढतो. किती वाढला ते कळायला मार्ग नाही. बूच जोरात फिरतं, आवर्तकाल कमी येतो, आणि फिरवणाऱ्याला वाटतं की लांबी कशी छान स्थिर राहिली आहे! चिमटा तोंडाला चिकटलेला दिसला की ते वाचन सरळ बाद करावं.

तो टेकतो का, हे मुलांना जरूर सांगा. फिरवणारा हात एका ठरावीक चालीने फिरवत राहतो. कोनीय वेग कायम ठेवला तर लागणारं बल लांबीच्या प्रमाणात वाढतं, पण वॉशरकडून मिळणारा ताण मात्र तेवढाच राहतो. बूच जरा बाहेर सरकलं की ताण अपुरा पडतो, ते आणखी बाहेर जातं आणि चिमटा वर येऊन आदळतो. उलट जरा आत आलं तर आतच येत राहतं. म्हणून डोळा चिमट्यावर ठेवून, तो वर सरकू लागला की हात किंचित सैल आणि खाली जाऊ लागला की किंचित जोर, असं सतत करावं लागतं. पाच मिनिटं नुसता सराव करून मगच घड्याळ हातात घ्यायचं.

तिसरं कारण नळीच्या कडेवरचं घर्षण. दोरा सरळ वर येतो आणि कडेवरून वळून बाहेर, थोडा खालच्या दिशेने जातो. एकूण वळण ९० अंशांहून जास्त, साधारण १०१ अंश. घर्षणगुणांक ०.१५ धरला तर कडेच्या दोन बाजूंच्या ताणांत १.३ पटीपर्यंत फरक पडू शकतो. आवर्तकाल वर्गमुळात येत असल्याने २० फेऱ्यांचं वाचन १४.१ पासून १८.३ पर्यंत कुठेही जाऊ शकेल. ही कमाल मर्यादा झाली. बूच फिरताना दोरा कडेवर गोल सरकत असतो, त्यामुळे घर्षण बरंचसं त्या आडव्या सरकण्याच्या विरुद्ध खर्ची पडतं आणि ताणातला फरक याहून कमी राहतो. पण कड खरखरीत असेल तर तो जाणवतोच.

उपाय : कड नीट गोल करा, दोरा विणलेला आणि गुळगुळीत घ्या, आणि प्रत्येक वजनाला दोन वाचनं घ्या. एकदा जोरात फिरवून हळूहळू कमी करत चिमटा खुणेवर आणायचा, दुसऱ्यांदा हळू सुरू करून वाढवत आणायचा. दोन्हींची सरासरी धरा.

आणि बूच रबरीच हवं. दगड किंवा धातूचा नट नको. डोळ्यांवर गॉगल, आजूबाजूला दोन मीटर मोकळी जागा.

---

कर्कटक

लांबीचा एक मुद्दा राहिला. मुलं हमखास विचारतात की दोरा पूर्ण आडवा नसतो, थोडा खाली झुकलेला असतो, मग त्रिज्या ८० सेंमी कशी?

त्रिज्या ८० नाहीच. पण सूत्रात तिरकी लांबीच घालायची आणि ते अगदी बरोबर आहे, अंदाजे नव्हे. दोरा उभ्या रेषेशी जो कोन करतो त्याचा साइन दोन्हीकडे येतो. त्रिज्या म्हणजे लांबी गुणिले तो साइन, आणि ताणाचा आडवा घटक म्हणजे ताण गुणिले तोच साइन. दोन्हीकडचा साइन छाटला जातो.

उभ्या दिशेत आणखी गंमत आहे. ताणाचा उभा घटक बुचाचं वजन पेलतो. ताण वॉशरच्या वजनाएवढा. त्यामुळे दोरा आडव्या रेषेच्या जितका खाली झुकतो त्या कोनाचा साइन = बुचाचं वस्तुमान ÷ लटकतं वस्तुमान. यात वेग येत नाही, लांबीही येत नाही. २० ग्रॅमच्या बुचाला १०० ग्रॅम लटकवले तर झुकाव ११.५ अंश, ६० ग्रॅमला १९.५, ४० ला बरोबर ३० अंश. कितीही जोर लावा, दोरा आडवा होणार नाही.

ही पडताळणी घड्याळाशिवाय करता येते. फोन बुचाच्या उंचीवर, तीन-चार मीटर लांब ठेवून स्लो मोशन व्हिडिओ घ्या. बूच डाव्या किंवा उजव्या टोकाला असतानाची चौकट थांबवून कोनमापक लावा. झुकाव अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर ताण वॉशरच्या वजनाहून जास्त आहे, म्हणजे चिमटा टेकलाय किंवा कड दोरा धरून ठेवतेय. घर्षणाने घोळ घातलाय का, हे ओळखायची याहून सोपी खूण नाही.

लटकतं वस्तुमान बुचाच्या निदान तिप्पट ठेवा. बुचाएवढंच किंवा कमी असेल तर वर्तुळाकार गतीचं उत्तरच निघत नाही, बूच दोरा ओढून खाली येतं.

आलेख काढताना उभ्या अक्षावर लटकतं वस्तुमान आणि आडव्या अक्षावर १ ÷ आवर्तकाल² घ्या. सरळ रेषा येते. तिचा चढ ४π² × बुचाचं वस्तुमान × लांबी ÷ ग, वरच्या आकड्यांना ०.०६४ किलो·से². रेषा शून्यातून न जाता आडव्या अक्षाला उजवीकडे छेदत असेल, तर चिमट्याचं वजन लटकत्या वस्तुमानात धरलं नाही असं समजा. दोन-तीन ग्रॅमचा चिमटा ५० ग्रॅमच्या वाचनात ५ टक्क्यांचा घोळ करतो.

---

लंबक

झुकावाची पडताळणी उत्तम. प्रयोगाच्या पत्रिकेत तो एक स्तंभच घालतो. आता आकृतीबद्दल कुणीतरी लिहा.

---

कार्यकारण

आकृतीसाठी एकच नियम : प्रत्येक बाणाला देणारा हवा. बाणाशेजारी 'कोणी लावलं?' हे लिहायला लावा. वजन? पृथ्वीने. ताण? दोऱ्याने. 'अभिकेंद्री बल' कोणी लावलं? इथे मूल अडतं, आणि अडायलाच हवं. बुचाला स्पर्श फक्त दोऱ्याचा आहे (हवेचा विरोध सोडून देऊ), आणि लांबून ओढणारी फक्त पृथ्वी. तिसरा कोणी खोलीत नाही.

मग बेरीज करायला लावा. १०० ग्रॅमच्या वाचनात ताण ०.९८ न्यूटन. उभा घटक ०.१९६ न्यूटन, तो बुचाच्या वजनाशी जुळून संपला. आडवा घटक ०.९६ न्यूटन उरला, थेट केंद्राकडे. दुसऱ्या बाजूने बुचाचं वस्तुमान × कोनीय वेग² × त्रिज्या काढा : ०.०२ × ६१.२५ × ०.७८४ = ०.९६. जुळलं. अभिकेंद्री बल म्हणजे ही बेरीज. तो बाण आधीच्या दोन बाणांत मुरलेला आहे, शेजारी आणखी काढला की तेच बल दोनदा मोजलं जातं.

बेरीज कधी एकट्या घर्षणाची असते (सपाट वळणावरची गाडी), कधी भिंतीच्या दाबाची, कधी गुरुत्वाकर्षणाची. चंद्राला दोरा नाही, तरी २७.३ दिवसांत तो ३,८४,००० किमी त्रिज्येवर फेरी मारतो. त्याचं केंद्राकडचं त्वरण काढलं तर ०.००२७२ मी/से² येतं. चंद्र पृथ्वीच्या ६० त्रिज्या लांब आहे. ९.८१ ला ६० च्या वर्गाने, ३६०० ने भागा, तेच येतं. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त मांडलेली ही तुलना बारावीच्या मुलाने स्वतःच्या हाताने एकदा केलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. झाडावरून पडणाऱ्या वस्तूला आणि चंद्राला ओढणारा एकच आहे, हे तिथे आकड्यांत दिसतं.

---

जडत्व

सगळं पटलं, पण बाहेरच्या बाणावर फुली मारताना जरा सबुरीने. फिरत्या चौकटीत बसून, म्हणजे वस्तूबरोबर फिरणाऱ्याच्या नजरेने, गणित करताना अपकेंद्री (केंद्रापासून बाहेरच्या दिशेचं) बल घेणं पूर्णपणे वैध आहे. यंत्रशाळेत फिरत्या भागांचं संतुलन करणारे, सेंट्रिफ्यूज वापरणारे रोज तेच करतात. 'ते नसतंच' असं शिकवलं तर मूल पुढे अभियांत्रिकीत गेल्यावर गोंधळतं.

---

कार्यकारण

वैध आहे, पण अट पाळली तर. फिरत्या चौकटीत बूच स्थिर आहे, म्हणून तिथे बेरीज शून्य यायला हवी : ताणाचा आडवा घटक आत, अपकेंद्री बाहेर, शून्य. मुलं करतात काय, तर बाहेरचा बाण फिरत्या चौकटीतून आणतात आणि त्वरण जमिनीच्या चौकटीतलं ठेवतात. एका आकृतीत दोन चौकटी आल्या. शिवाय फिरत्या चौकटीत वस्तू हलू लागली की कोरिऑलिस बलही (हलणाऱ्या वस्तूला बाजूला वळवणारं भासमान बल) धरावं लागतं, ते सगळे विसरतात. म्हणून बारावीपर्यंत जमिनीवर उभं राहून काढलेली आकृतीच मागा. आकृतीच्या डोक्यावर 'चौकट : जमीन' असं लिहायला लावलं तरी निम्म्या चुका थांबतात.

दोरा तुटला तर काय होतं, हेही आकड्यांत दाखवा. तुटताक्षणी बूच स्पर्शिकेच्या दिशेने ६.१ मी/से ने निघतं. ०.१ सेकंदात ते स्पर्शिकेवर ६१ सेंमी जातं. केंद्रापासूनचं अंतर ७८ सेंमीवरून जवळपास १ मीटर होतं. म्हणजे बाहेर ढकलणारं कोणी नसताना ते केंद्रापासून २१ सेंमी लांब गेलं. फिरणाऱ्या माणसाला ते 'बाहेर फेकलं गेलं' असं दिसतं ते यामुळे.

टेबलावर दाखवायचं असेल तर प्लास्टिकच्या रुंद पाइपचं कडं घ्या, पाव भाग कापून काढा, टेबलावर कोरडं पीठ पसरा आणि कड्याच्या आतून गोटी सोडा. कडं संपतं तिथून पिठावर सरळ रेघ उमटते. रेघेला पट्टी लावून ती कड्याच्या स्पर्शिकेत आहे हे तपासा.

---

जडत्व

'चौकट' लिहायला लावण्याशी सहमत. एक जोड देतो. सेमी-ऑटोमॅटिक धुलाई यंत्राचा ड्रायर १३०० फेरे प्रति मिनिट, ड्रमची त्रिज्या १२ सेंमी धरली तर कडेचं त्वरण २२०० मी/से², म्हणजे साधारण २२७ ग. कपड्याला ड्रमची भिंत आत दाबते. छिद्रासमोरच्या पाण्याला तसं दाबणारं कोणी नाही, कापडाच्या धाग्यांची पकड तेवढं बल देऊ शकत नाही, म्हणून पाणी निसटतं. यातही 'कोणी लावलं?' विचारलं की उत्तर मिळतं.

---

रूळवाट

रस्ता आणि रूळ यांवर लिहितो, कारण पुस्तकातलं 'घर्षणरहित आदर्श वळण' प्रत्यक्षात कोणी बांधत नाही, आणि का बांधत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचलतात. एकाच वेगाला, ज्याचा वर्ग त्रिज्या × ग × टॅन कोन एवढा असतो, घर्षणाची अजिबात गरज पडत नाही. पण त्याच रस्त्यावरून मोटार ८० ने आणि उसाने लादलेला ट्रॅक्टर १५ ने जातो. सगळा उतार मोटारीच्या हिशेबाने दिला तर ट्रॅक्टर आतल्या बाजूला कलंडेल. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसच्या रूढ पद्धतीत उतार संकल्पित वेगाच्या ७५ टक्क्यांसाठी काढतात :

उतार = वेग² ÷ (२२५ × त्रिज्या), वेग किमी/तास, त्रिज्या मीटर.

सपाट आणि उंचसखल भागात तो ७ टक्क्यांवर थांबवतात, बर्फ नसलेल्या डोंगराळ भागात १० टक्क्यांवर. उरलेलं घर्षणाने भागवायचं, आणि आडव्या घर्षणाचा गुणांक ०.१५ हून जास्त धरायचा नाही.

उदाहरण : त्रिज्या ३०० मीटर, वेग ८०. उतार निघतो ९.५ टक्के. ७ वर थांबवा. मग घर्षण किती लागेल? ८०² ÷ (१२७ × ३००) = ०.१६८, त्यातून ०.०७ वजा, उरलं ०.०९८. ते ०.१५ च्या आत आहे, वळण चालेल. त्याच नियमाने ८० च्या वेगाला किमान त्रिज्या २३० मीटर, १०० ला ३६०.

आता घाटातलं हेअरपिन घ्या. आतली त्रिज्या १४ मीटर, वेग २०. लागतं ०.२२५. १० टक्के उताराने दिले, बाकी ०.१२५ टायरने. तिथेच ४० ने शिरलात तर लागतं ०.९०. वेग दुप्पट झाला, मागणी चौपट. ओल्या रस्त्यावर एवढं घर्षण मिळणं अशक्य.

घसरणार की उलटणार, हे वेगळं गणित. दोन चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा आकडा घर्षणगुणांकाहून लहान असेल तर गाडी घसरण्याआधी उलटते. मोटारीला साधारण ०.७५ ÷ ०.५५ = १.३६, कोरड्या रस्त्याचं घर्षण ०.७ च्या आसपास, म्हणून ती आधी घसरते. उंच माल भरलेल्या ट्रकचा गुरुत्वमध्य २ मीटरवर गेला तर १ ÷ २ = ०.५, तो टायर न घसरताच कलंडतो. टँकर अर्धवट भरलेला असेल तर द्रव बाहेरच्या बाजूला सरकतो आणि हा आकडा आणखी उतरतो. म्हणून भरलेल्या टँकरपेक्षा अर्ध्या टँकरला वळणावर जास्त जपावं लागतं.

रुळांचं तसंच. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच, त्या फरकाला कँट म्हणतात. ब्रॉडगेजला :

समतोल कँट (मिमी) = १७५० × वेग² ÷ (१२७ × त्रिज्या)

१७५० मिमी म्हणजे दोन रुळांच्या माथ्यांच्या मध्यांमधलं अंतर, गेज १६७६ मिमी असलं तरी. दोन अंशांच्या वळणाची त्रिज्या ८७५ मीटर. तिथे १०० ने धावणाऱ्या एक्सप्रेसला १५७ मिमी हवा, ६० ने जाणाऱ्या मालगाडीला ५७. मधला १०० मिमी दिला तर एक्सप्रेसला ५७ मिमी कमी पडतो, मालगाडीला ४३ मिमी जास्त होतो. दोन्ही ७५ मिमीच्या नेहमीच्या मर्यादेत बसतात. कमी पडलेला भाग बाहेरचा रूळ चाकाच्या कंगोऱ्याला आत ढकलून भरून काढतो, जास्त झालेला भाग आतल्या रुळाचा माथा झिजवतो. गाडी वळणावर उभी राहिली तर अख्खा कँट जास्तीचा, त्यालाही मर्यादा हवीच.

---

घर्षणगुणांक

अर्ध्या टँकरचा मुद्दा मुलांना जरूर सांगावा. फार महत्त्वाचा आहे.

---

उभंवर्तुळ

उभ्या वर्तुळात एक चूक शिक्षकही करतात, म्हणून लिहितो.

दोऱ्याला बांधलेली वस्तू उभ्या वर्तुळात फिरते, तळाचा आणि माथ्याचा ताण यांत फरक ६ × वजन. हे पाठ असतं. पण ते फक्त वस्तू स्वतःच्या ऊर्जेवर फिरत असेल तेव्हा, म्हणजे माथ्यावर वेग कमी आणि तळाशी जास्त. हाताने बादली फिरवताना आपण वेग बराचसा सारखा ठेवतो. वेग सारखा असेल तर फरक फक्त २ × वजन. गणितात 'एकसमान वेगाने' हा शब्द आहे की नाही, ते आधी पाहायचं.

बादलीच्या प्रयोगात त्रिज्या कुठून मोजायची हेही चुकतं. माथ्यावर बादली उलटी असताना सर्वांत आधी सांडतो तो पाण्याचा पृष्ठभाग, कारण तो खांद्याच्या सर्वांत जवळ असतो. खांद्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत ८५ सेंमी असेल तर कोनीय वेग किमान √(९.८ ÷ ०.८५) = ३.४ रेडियन/से, म्हणजे फेरी १.८५ सेकंदांत. माणूस सहज एका सेकंदात फेरी मारतो, तेव्हा पाण्याला लागणारं त्वरण ३.४ ग होतं. माथ्यावर गुरुत्वाकर्षण त्यातलं १ ग देतं, बाकीचं बादलीचा तळ पाण्याला खाली ढकलून देतो. पाणी का पडत नाही, याचं उत्तर एवढंच : ते पडतंच आहे, पण त्याहून वेगाने वळवलं जातंय.

मोडतं कुठे? तळाशी. बादली आणि पाणी मिळून ५ किलो, त्रिज्या १ मीटर, फेरी १ सेकंद धरली तर तळाशी कडीवर ५ × (३९.५ + ९.८) = २४६ न्यूटन, म्हणजे २५ किलो टांगल्यासारखं. प्लास्टिकच्या बादलीची कडी ज्या कानात अडकते तो कान सुटतो. एक लिटरची छोटी बादली, लोखंडी कडी, आणि पाणी निम्म्यापर्यंतच. थांबवताना हात वर असताना थांबवायचं नाही. तळाशी आल्यावर झोका लहान करत न्यायचा.

---

कर्कटक

बारावीच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात मौत का कुआँ आहे, त्यावर पूरक. उभ्या भिंतीवर वजन घर्षण पेलतं, आणि भिंतीचा दाब अभिकेंद्री बल देतो. किमान वेग = √(त्रिज्या × ग ÷ घर्षणगुणांक). त्रिज्या ५ मीटर, गुणांक ०.५ धरला तर ९.९ मी/से, म्हणजे ३६ किमी/तास. वस्तुमान सूत्रात नाही, म्हणून एकटा चालवो की मागे कुणाला बसवो, वेग तोच.

मात्र ही त्रिज्या विहिरीची नाही, चालक आणि गाडी मिळून जो वस्तुमानमध्य होतो त्याच्या वर्तुळाची. तो भिंतीपासून अर्धा-पाऊण मीटर आत असतो. ५ मीटरच्या गणिताला विहीर साधारण साडेपाच मीटर त्रिज्येची लागेल. किमान वेगाला गाडी आडव्या रेषेच्या २६.६ अंश वर कललेली असते, कारण भिंतीचा दाब २ ग आणि घर्षण १ ग. वेग वाढवला की कल कमी होतो, पण पूर्ण आडवी ती कधीच होत नाही. नळीच्या दोऱ्याचा झुकाव मात्र वेगाने बदलत नाही, कारण तिथे ताण वॉशरने बांधलेला आहे. दोन्ही गणितं शेजारी शेजारी ठेवून शिकवा.

---

सेन्सरवेल

नळीचा प्रयोग झाल्यावर फोनने हीच गोष्ट तपासता येते. आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स अ‍ॅप मोफत आहे. फिरत्या स्टुलावर फोन सपाट, दोन बाजूंच्या टेपने पक्का चिकटवा. लांब बाजू त्रिज्येच्या दिशेत. जायरोस्कोप (कोनीय वेग मोजणारा सेन्सर) आणि त्वरणमापक दोन्ही एकाच वेळी नोंदवा, स्टूल ढकला आणि आपोआप मंदावू द्या. त्रिज्येच्या दिशेचं त्वरण उभ्या अक्षावर, कोनीय वेगाचा वर्ग आडव्या अक्षावर. रेषेचा चढ म्हणजे अक्षापासून सेन्सरचं अंतर.

सेन्सरचं म्हटलं, फोनच्या मध्याचं नाही. सेन्सर फोनमध्ये कुठेतरी कोपऱ्यात असतो. पहिल्यांदा मोजा, मग फोनचा मध्य तिथेच ठेवून फोन १८० अंश फिरवा, पुन्हा मोजा. एकदा २७ आणि एकदा २३ सेंमी आलं तर मध्य २५ वर आहे आणि सेन्सर मध्यापासून २ सेंमी सरकलेला.

दोन अडचणी येतात. स्टूल २ अंश जरी कललेलं असेल तर गुरुत्वाकर्षणाचा ०.३४ मी/से² एवढा भाग आडव्या दिशेत उतरतो आणि प्रत्येक फेरीला एकदा वर-खाली होतो. पूर्ण फेऱ्यांची सरासरी घेतली की तो शून्य होतो, अर्धवट फेऱ्यांची घेतली तर होत नाही. दुसरी, फार जोरात फिरवलं की सेन्सर त्याच्या कमाल मर्यादेला पोचतो आणि आलेखाचं डोकं कापल्यासारखं सपाट दिसतं. तेवढा भाग काढून टाका. आणि रेषा शून्यातून गेली नाही तर फोन स्थिर ठेवून सेन्सरची शून्य-त्रुटी मोजून वजा करा.

---

लंबक

फार उपयोगी. पत्रिकेत हे बदल करतो : 'शून्य'पासून मोजणी, चढता-उतरता दोन वाचनं, झुकावाचा स्तंभ, चिमट्याचं वजन लटकत्या वस्तुमानात, आणि आकृतीच्या डोक्यावर चौकट, प्रत्येक बाणाशेजारी देणारा.

एक शेवटची शंका. काही शाळांत काच तापवून कड गोल करायची सोय नाही. बॉलपेनची रिकामी नळी चालेल का?

---

घर्षणगुणांक

सुरुवातीला चालते, पण नायलॉन प्लास्टिकच्या कडेत खाच पाडतो. खाच पडली की दोरा तिथेच अडकून फिरतो, वाचनं झटके खात येतात. पेनाच्या वरच्या तोंडात ताडपत्रीला लावतात तसली पितळी रिंग, म्हणजे आयलेट, घट्ट बसवा. गोल बाजू वर, आतला व्यास ४ मिमी. जरूर पडली तर बाहेरून एपॉक्सीचा पातळ थर द्या आणि रात्रभर सुकू द्या. वापरण्याआधी दोऱ्याचा तुकडा कडेवरून पुढे-मागे ओढून पाहा. कुठेही अडखळला तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढीच जागा घासा. दोरा चिरलेला दिसला की तो बदला, गाठ मारून चालवू नका. गाठ नळीत अडकते आणि ताण कुणाचा मोजतोय तेच कळत नाही.